शिवलेला अर्ज

बाइंडरबाईंनी बांधलेल्या पुस्तकाचं पान निखळलं, असं गेल्या तीस वर्षांत एकदाही झालेलं नाही. हे त्या स्वतःच सांगतात, आणि समोरचा मान डोलवेपर्यंत सांगत राहतात. कुणाला खोटं वाटलं तर फळीवरचा एखादा जाडजूड ठोकळा काढून त्याच्या हातात देतात आणि म्हणतात, घ्या, ओढा पान. लोक भीत भीत ओढतात. पान येत नाही. मग बाई ठोकळा परत जागेवर ठेवतात आणि कामाला लागतात. नम्रता त्यांच्या वाट्याला फारशी आलेली नाही, आणि ज्याच्या हातात कसब आहे त्याने ती उगाच उसनी आणूही नये.

तळमजल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत काम, मागच्या खोलीत संसार. संसार म्हणजे बाई आणि त्यांची चौऱ्याऐंशी वर्षांची आई. पुढे एक लांब टेबल, खिडकीशी पुस्तकं आवळून ठेवायचा लाकडी शिकंजा, पुठ्ठ्यांच्या थप्प्या, दोऱ्याची रिळं आणि खळीचं पातेलं. धंदा वडिलांचा. वडील गेले तेव्हा दादा, म्हणजे थोरला भाऊ, म्हणाला की हे सगळं विकून टाकू, पोरीबाळींचं हे काम नाही. बाई तेव्हा चोवीस वर्षांच्या होत्या. त्यांनी खळ लावलेलं एक पुस्तक शिकंज्यात आवळलं आणि सांगितलं, हे वाळेपर्यंत थांब. दादाला वाटलं, एका दिवसाचा प्रश्न आहे. बाईंनी ते पुस्तक दोन आठवडे सोडवलंच नाही, आणि तेवढ्या वेळात तीन शाळांची कामं मिळवली. दादा अजून म्हणतो की त्याला तेव्हा गंडवलं गेलं.

लग्न राहून गेलं. का राहून गेलं याची कारणं दादाकडे बरीच आहेत. बाईंकडे एकच आहे, वेळ मिळाला नाही.

मग चार वर्षांपूर्वी पलीकडच्या गल्लीतल्या छापखान्याने परदेशातून कागद कापायचं नवं यंत्र मागवलं आणि यंत्राबरोबर ते बसवून द्यायला एक फिटर आला. सत्तावन्न वर्षांचा, बायको वारलेली, एक मुलगी लग्न होऊन संसाराला लागलेली. एकवीस दिवसांचा परवाना. छापखान्यातली माणसं त्यांना फिटरसाहेब म्हणू लागली. पाचव्या दिवशी नव्या यंत्रावर कापलेले कागद बाईंकडे बांधणीला आले. बाईंनी गठ्ठा टेबलावर ठोकून सरळ केला, त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि तसाच उचलून छापखान्यात नेला. यंत्र वाकडं कापतंय, म्हणाल्या. छापखान्याचे मालक हसले. फिटरसाहेब हसले नाहीत. त्यांनी गठ्ठा मोजपट्टीवर धरला. अर्ध्या मिलिमीटरचा तिरकेपणा होता.

पातं पुन्हा बसवायला त्यांना एक दुपार लागली. उरलेले सगळे दिवस ते रोज दुपारी कापलेला कागद बाईंकडून तपासून घ्यायला येत राहिले. इतका तपासलेला कागद त्या छापखान्याने आजवर पाहिलेला नाही. दोघांची भाषा एक नव्हती. दोघांना मोडकीतोडकी येणारी एक तिसरी भाषा होती, तिच्यावर गाडा चालला. कागद, धार, दोरा, घट्ट, सैल, चहा, एवढ्या शब्दांत माणसं बरंच काही बोलू शकतात. आई मागच्या खोलीतून सगळं ऐकत होती, आणि नवव्या दिवशी तिने विचारलं की हा माणूस आज अजून कसा आला नाही.

एकविसाव्या दिवशी फिटरसाहेब गेले. त्यानंतर फोन. पण फोनवर गुलुगुलु बोलत बसणारी माणसं ही नव्हेत. बाई दुपारी फोन शिकंज्याला टेकवून उभा करायच्या आणि शिवायला बसायच्या. तिकडे फिटरसाहेबांची सकाळ असायची, तेही त्यांच्या कारखान्यात फोन हत्यारांच्या पेटीवर ठेवून एखादं गिअर पुसत बसायचे. तीन-तीन तास. मध्येच कुणीतरी मान वर करायचं, हातातलं काम दाखवायचं, दुसऱ्याने हुं म्हणायचं. या चार वर्षांत फिटरसाहेब बाईंची भाषा चांगली बोलायला शिकले, मायलेकींचं बोलणं कानावर पडून पडून. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात म्हाताऱ्या बायकांचे शब्द फार. बाईंना मात्र ते पहिल्या दिवसापासून अहो-जाहोच करत आणि बाई त्यांना. त्याच्या पुढे जायचं दोघांनाही सुचलं नाही किंवा जमलं नाही.

दादाला हे कळलं तेव्हा त्याने डोक्याला हात लावला. या वयात हे काय खूळ, तो माणूस या दोन खोल्यांवर डोळा ठेवून असणार, वगैरे. बाईंनी त्याला ऐकून घेतलं आणि विचारलं की खोल्यांवर डोळा असलेला माणूस चार वर्षं रोज तीन तास गप्प कशाला बसेल. पण असल्या प्रश्नाने मत बदलणाऱ्यांतला दादा नाही.

आता बाईंनी तिकडे जायचं म्हटलं तर आई. तिचे गुडघे गेलेले, उठबस करायलाही माणूस लागतं, आणि दुसऱ्या कुणाच्या हाताने ती घोटभर पाणी पीत नाही. तेव्हा यायचं तर फिटरसाहेबांनीच, आणि पाहुण्याच्या व्हिसावर. त्यासाठी बोलावणाऱ्याने परदेशी नागरिकांच्या कचेरीत अर्ज द्यावा लागतो. कोण येणार, कशासाठी, कुठे राहणार, खर्च कोण करणार, ओळख कशी, पुरावा काय. पहिल्या वेळी बाईंनी हे सगळे कागद गोळा करून एका चिमट्यात लावून दिले. दोन महिन्यांनी नकार आला. कारणं दोन. पाहुण्याच्या कंपनीचं रजेचं पत्र जोडलेलं नाही. आणि मुदत संपल्यावर पाहुणा मायदेशी परत जाईल याची खात्री पटत नाही.

दुसरं कारण बाईंनी नंतर वाचलं. पहिल्यानेच त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. रजेचं पत्र त्यांनी स्वतःच्या हाताने लावलं होतं. एकेचाळिसावं पान. म्हणजे त्या कचेरीत कुणीतरी चिमटा काढला, पानं इकडची तिकडे केली आणि एक हरवलं. बाइंडर माणसाला याच्यापेक्षा मोठा अपमान नाही. नकाराचं पत्र त्यांनी आईला वाचून दाखवलं, आणि फिटरसाहेबांना फोनवर एवढंच सांगितलं की पुन्हा करू. यावेळी एकही पान हरवणार नाही, याची जबाबदारी माझी.

पुन्हा करू म्हणणं सोपं होतं. नियम असा की दुसऱ्यांदा नकार आला तर पुढची दोन वर्षं अर्जच करता येत नाही. आईच्या वयाचं माणूस असलेल्या घरात दोन वर्षं हा शब्द कुणी मोठ्याने काढत नाही. बाईंनीही काढला नाही. पण आईला फिटरसाहेब समोर बसलेले बघायचे होते, हे तिने एकदा सांगून टाकलं होतं. माझ्या मागे तू कुणाबरोबर गप्प बसणार ते मला पाहू दे, असं ती म्हणाली होती. आणि बाईंना स्वतःलाही ते हवं होतं, अगदी मनापासून, भुकेल्या माणसाला जेवण हवं असतं तसं.

तर बाईंनी अर्ज बांधला. म्हणजे खरोखरच बांधला. एकशे अठरा पानं. आमंत्रणाचं पत्र, घराचे कागद, रजेचं पत्र, मुलीचं पत्र, दोघांचे मिळून दोन फोटो, आणि फोन कंपनीकडून आणलेली चार वर्षांच्या बोलण्याची यादी. प्रत्येक सुट्या पानाच्या डाव्या कडेला त्यांनी बोटभर रुंदीची कागदी पट्टी चिकटवली, पट्ट्या दुमडून त्यांचे गठ्ठे केले, आणि एकेक गठ्ठा मेण लावलेल्या दोऱ्याने मधोमध शिवला. पानांना खाली आकडे टाकले. कण्याला कापड, वर निळी कापडी पुठ्ठ्याची बांधणी, आणि वर सोनेरी अक्षरांत फिटरसाहेबांचं नाव. तीन दिवस शिकंज्यात. बाहेर काढलं तेव्हा बाईंनी स्वतः पान ओढून पाहिलं आणि समाधानाने मान हलवली.

आईने ते पुस्तक मांडीवर घेऊन वासबीस घेतला आणि म्हणाली की छान झालंय, पण हे वाचणार कोण. दादाने विचारलं की हा अर्ज आहे की लग्नाची पत्रिका. बाईंनी दोघांकडेही दुर्लक्ष केलं. यात त्यांची चूक होती, पण चूक दाखवून देणाऱ्याने टोमण्याच्या सुरात दाखवली की ती दिसत नाही.

तारखेच्या दिवशी शेजारच्या बाईंना आईजवळ बसवून त्या कचेरीत गेल्या. दारावरच्या पहारेकऱ्याने त्यांची पिशवी उघडली आणि आतून एक कागद कापायची सुरी, एक टोचा आणि एक छोटी कात्री काढून ठेवून घेतली. बाईंच्या पिशवीत ही तीन हत्यारं नेहमीच असतात, बाकीच्यांच्या पिशवीत रुमाल असतो तशी. जाताना परत न्या, पहारेकरी म्हणाला. आत प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा, भिंतीवर आकडे दाखवणारी पाटी, काचेच्या सहा खिडक्या. बाईंचा नंबर त्रेपन्न. बारा वाजून गेल्यावर तो चौथ्या खिडकीवर लागला.

खिडकीत चाळिशीतल्या एक बाई होत्या, चष्मा केसांवर सरकवलेला. बाइंडरबाईंनी निळं पुस्तक काचेखालच्या फटीतून आत घातलं. ते फटीत मावेना. मग खिडकीतल्या बाईंनी बाजूचं छोटं दार उघडून ते आत घेतलं, उलटंपालटं केलं, वरचं सोनेरी नाव वाचलं आणि विचारलं की हे काय आहे.

अर्ज आहे, बाई म्हणाल्या.

खिडकीतल्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी नीट समजावून सांगितलं. इथे प्रत्येक पान स्कॅनरमधून जातं. सुटी पानं लागतात. पिन नको, चिमटा नको, शिवण तर नकोच. वरच्या अधिकाऱ्यांसमोर हे पुस्तक जात नाही, स्कॅन केलेली पानं जातात. बांधलेला अर्ज घेता येत नाही, आजवर कुणी बांधून आणलेलाही नाही. दुसरी तारीख घ्या. दुसरी तारीख अकरा आठवड्यांनंतरची होती, आणि फिटरसाहेबांची रजा दहाव्या आठवड्यात संपत होती. रजेचं हे बाइंडरबाईंनी एका दमात सांगितलं. खिडकी कधी बंद होते, तेही विचारलं. एक वाजता. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून चौदा मिनिटं झाली होती.

"एक स्टीलची पट्टी मिळेल का?" बाई म्हणाल्या.

खिडकीतल्या बाईंनी टेबलाच्या खणातून पट्टी काढून दिली. बाइंडरबाई भिंतीकडच्या त्या उंच फळीपाशी गेल्या, जिथे लोक उभ्याने फॉर्म भरतात. पुस्तक उघडलं. सुरी दारात, कात्री दारात. आता एकच उपाय होता. पान जिथे कागदी पट्टीला चिकटवलं आहे, त्याच्या अलीकडे स्टीलची कड दाबून धरायची आणि पान एका ओढीत फाडायचं. हात हलला तर रेघ वाकडी जाणार आणि अक्षरं फाटणार. बाईंनी पहिल्या पानावर पट्टी ठेवली. तीस वर्षांत त्यांचं एक पान निघालं नव्हतं. मग त्यांनी ते ओढलं.

रेघ सरळ आली. त्यानंतर त्यांनी विचार केला नाही. पट्टी, दाब, ओढ, पुढचं. सवयीने त्यांनी डाव्या बाजूला भरपूर कोरी जागा सोडलेली होती, त्यामुळे एकही अक्षर गेलं नाही. खुर्च्यांवरची माणसं वळून बघायला लागली. एका आजोबांनी विचारलं की बाई रागावल्यात का. नाही हो, त्यांच्या शेजारचा म्हणाला, कामात आहेत. एक वाजायला अकरा मिनिटं असताना एकशे अठरा सुटी पानं एकावर एक रचून, ठोकून, सरळ करून बाई पुन्हा चौथ्या खिडकीशी उभ्या होत्या. आतून पोकळ झालेला निळा पुठ्ठा त्यांनी काखेत धरला होता.

खिडकीतल्या बाईंनी गठ्ठ्याच्या कडेवरून बोट फिरवलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर जरासं कौतुक उमटलं. मग त्या एकेक पान बघू लागल्या. फोनच्या यादीशी थांबल्या. रोजचे तीन तास, आणि लिहून पाठवलेले निरोप म्हणाल तर चार वर्षांत पंधरा-वीस. इतका वेळ बोलता काय, त्यांनी विचारलं. काही नाही, बाईंनी सांगितलं, दोघं आपापलं काम करतो. खिडकीतल्या बाईंनी हे खरं की खोटं ते चेहऱ्यावरून तपासलं आणि पुढचं पान घेतलं. एकेचाळिसावं पान जागेवर होतं. ते बाईंनी बोट ठेवून दाखवलं.

"हे सगळं ठीक आहे," खिडकीतल्या बाई म्हणाल्या. "पण गेल्या वेळचा दुसरा शेरा अजून उभा आहे. नोकरी असलेली माणसंही इथे येऊन परत जात नाहीत. मुदत संपल्यावर हे परत जातील, हे तुम्ही कशावरून म्हणता?"

बाईंनी एकशे अठरा पानांकडे पाहिलं. त्यांना रजेचं पत्र दाखवता आलं असतं, मुलीचं दाखवता आलं असतं. पण ती पत्रं त्या बाईंनी आत्ताच वाचली होती.

"एकविसाव्या दिवशी मी त्यांना राहा म्हटलं होतं," बाई म्हणाल्या.

"मग?"

"ते म्हणाले, परवाना आज संपतो. आणि गेले. विमानाला सात तास होते, तरी उठून गेले."

हे बोलून गेल्यावर बाईंना स्वतःचाच राग आला. आपण पन्नाशीत एका माणसाला थांब म्हटलं आणि तो थांबला नाही, ही गोष्ट त्यांनी चार वर्षं कुणापाशी काढली नव्हती. आता एका काचेच्या फटीतून एका परक्या बाईला सांगावी लागत होती, आणि मागे रांगेत पुढच्या नंबरचा माणूस कान देऊन उभा होता.

हे कुठल्या कागदावर आहे का, खिडकीतल्या बाईंनी विचारलं. कुठल्याच नाही, बाई म्हणाल्या, माझ्या आईलासुद्धा माहीत नाही. खिडकीतल्या बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला, एक कोरा कागद ओढला, बाई म्हणाल्या ते तसंच्या तसं दोन ओळींत लिहिलं आणि सहीसाठी फटीतून बाहेर सरकवलं. बाइंडरबाईंनी वाचलं. सही केली. मग सवयीने खाली कोपऱ्यात आकडा टाकला, एकशे एकोणीस. आणि एकूण एकशे एकोणीस पानं मिळाली, असं पोचपावतीवर लिहून घेतल्याशिवाय खिडकी सोडली नाही. बाहेर पडताना सुरी, टोचा आणि कात्री परत घेतली.

आठवड्यामागून आठवडा गेला. बाई रोज शिवत होत्या, आई रोज विचारत होती की टपाल आलं का. एकोणिसाव्या दिवशी पत्र आलं. साठ दिवसांचा पाहुण्याचा व्हिसा मंजूर. बाईंनी ते आईला दोनदा वाचून दाखवलं, कारण पहिल्यांदा आई मध्येच रडायला लागली आणि तिला मुदत ऐकू आली नाही. दादाला कळवलं तेव्हा तो म्हणाला की येऊ दे, मी बघून घेतो त्याला. मग म्हणाला की विमानतळावर गाडी मीच घेऊन येईन, टॅक्सीवाले लुबाडतात.

दुपारी बाईंनी फोन शिकंज्याला टेकवला आणि पत्र फोनसमोर धरलं. फिटरसाहेबांनी ते सावकाश, अक्षर अक्षर लावत वाचलं. यावेळी काय वेगळं केलं, त्यांनी विचारलं. बाईंना सांगायचं नव्हतं. पण या माणसाशी खोटं बोलायचं कधी काम पडलं नव्हतं, तेव्हा सवयही नव्हती. त्यांनी खिडकीची, पट्टीची, फाडलेल्या पानांची गोष्ट सांगितली आणि शेवटी एकशे एकोणिसाव्या पानावर काय लिहिलंय तेही सांगितलं. तुम्ही थांबला नाहीत म्हणून व्हिसा मिळाला, असं म्हणून हसल्या.

फिटरसाहेब हसले नाहीत. हातातलं फडकं त्यांनी खाली ठेवलं.

"त्या दिवशी सात तास मी विमानतळावर फोन हातात घेऊन बसलो होतो," ते म्हणाले. "तुम्ही अजून एकदा म्हटलं असतं, तर उठून आलो असतो."

बाईंच्या हातातली सुई तशीच राहिली. मागच्या खोलीत आईने खोकून विचारलं की काय झालं, फोन बंद पडला का. बाईंनी बाहीने डोळे पुसले.

"बरं झालं, पुन्हा म्हटलं नाही," त्या म्हणाल्या. "आज हा कागद मिळाला नसता. आता तिकीट काढा."